स्पोर्ट सस्पेन्शन घ्यायचं का? आमच्या घरातला वाद आणि कॉलिन चॅपमन

मागच्या महिन्यात दादाने, म्हणजे माझ्या मामेभावाने, नवी एसयूव्ही बुक केली. जर्मन कंपनीची, स्पोर्टी म्हणवणारी. टोकन भरून झालं, रंग ठरला, आतलं लेदर ठरलं, आणि गाडं अडलं एकाच पानावर. कंपनीच्या साइटवर गाडी आपल्याला हवी तशी जुळवता येते ना, तिथे चॅसिस नावाचं पान होतं आणि त्यावर चार पर्याय. साधी स्टीलची स्प्रिंग. तीच स्प्रिंग, पण ॲडॅप्टिव्ह डॅम्परसोबत. एअर सस्पेन्शन. आणि चौथं स्पोर्ट पॅकेज: गाडी थोडी खाली, स्प्रिंग जास्त कडक, चाकं २१ इंची. शुक्रवारपर्यंत ऑर्डर लॉक करायची होती. त्यानंतर बदल नाही.

दादाने स्क्रीनशॉट मला पाठवला, कारण घरात टेक्नॉलॉजीवर लिहिणारी मी एकटीच. त्याचा स्वतःचा कल अर्थातच चौथ्या पर्यायाकडे होता. गाडी स्पोर्टी आहे तर सस्पेन्शनही स्पोर्टच हवं, असं त्याचं सरळ गणित.

पण मामांच्या मणक्याचं ऑपरेशन दीड वर्षापूर्वी झालंय. आणि या घरात माझं एक जुनं पाप आहे. चार वर्षांपूर्वी दादाच्या हॅचबॅकला बाहेरून कडक, आखूड स्प्रिंगा आणि पातळ टायर बसवायचा सल्ला मीच दिला होता. व्हिडिओ बघून दिला होता, दुसरं काय! गाडी दिसायची भारी. मग एकदा एका न रंगवलेल्या स्पीडब्रेकरवर ती अशी आदळली की मागे बसलेले मामा पुढचे दोन दिवस पलंगावरून उठले नाहीत. मामांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. मामी अजून काढते. ऑपरेशनचा त्या आदळण्याशी संबंध नाही असं डॉक्टर म्हणाले, पण माझ्या मनातून ते गेलेलं नाही.

म्हणून या वेळी व्हिडिओ बाजूला ठेवले आणि वाचायला बसले. वाचता वाचता एका माणसाच्या आयुष्यात अडकले. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन. फॉर्म्युला वन बघणाऱ्यांना नाव माहीत असेल. मला तो रेसिंगवाला म्हणून माहीत होता. तो खरं तर सस्पेन्शनवाला होता, हे आता कळलं.

त्याच्याकडे जायच्या आधी दोनच शब्द समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. डॅम्पर, म्हणजे आपण ज्याला शॉकअप म्हणतो तो, त्या स्प्रिंगचं उड्या मारणं थांबवतो. डॅम्पर नसेल तर एका खड्ड्यानंतर गाडी बराच वेळ डुलत राहील. बसला की मऊ वाटणारी गाडी आणि वळणावर ताब्यात राहणारी गाडी यांच्यातलं भांडण या दोन वस्तूंच्या जुळवणीत मिटतं किंवा पेटतं. स्प्रिंग कडक केली की वळणावर गाडी कमी कलते, पण बारीकसारीक खड्डे थेट कमरेत येतात. आणि दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही: खराब रस्त्यावर फार कडक गाडीचं चाक जमिनीवरून उचललं जातं. हवेत असलेलं चाक ना वळवू शकतं, ना ब्रेक लावू शकतं. म्हणजे कडक म्हणजे सुरक्षित, हे गुळगुळीत ट्रॅकवरच खरं.

पबवाल्याचा मुलगा

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडमधला. वडील उत्तर लंडनमध्ये हॉर्नसीला रेल्वे हॉटेल नावाचं पब चालवायचे. पोरगा युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमध्ये स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग शिकायला गेला. मेकॅनिकल नाही, हे लक्षात ठेवा. पूल, छप्पर, खांब, कुठल्या दांड्यावर किती भार येतो, याचं शिक्षण. शिकता शिकता विमान उडवायलाही शिकला आणि जुन्या गाड्या घ्यायच्या-विकायच्या असा जोडधंदाही करायचा. युद्धानंतरच्या इंग्लंडमध्ये नव्या गाड्या मिळत नव्हत्या, त्यामुळे जुन्यांना भाव होता.

१९४७ मध्ये सरकारने खासगी गाड्यांना मिळणारा पेट्रोलचा नेहमीचा कोटा बंद केला आणि धंदा एका झटक्यात बसला. साठा पडेल त्या भावाने विकून टाकावा लागला. एक जुनी ऑस्टिन सेव्हन तेवढी उरली. तिला कोण घेणार? मग त्याने ती हेझल विल्यम्स या आपल्या मैत्रिणीच्या घरामागच्या गॅरेजमध्ये नेली, बॉडी उतरवली आणि प्लायवूड-ॲल्युमिनियमची नवी बॉडी चढवली. १९४८ मध्ये तयार झालेली ही पहिली लोटस.

आता गंमत ऐका. ही पहिली लोटस रेसिंग ट्रॅकसाठी नव्हतीच. ती ट्रायल्स नावाच्या स्पर्धेसाठी होती. चिखलाच्या, दगडधोंड्यांच्या चढावर गाडी न अडकता वर न्यायची, असा तो खेळ. म्हणजे आजच्या भाषेत ऑफरोडिंग! लोटस कंपनीने अलीकडे एलेत्रे नावाची एसयूव्ही आणली तेव्हा जुने चाहते खवळले, की हे चॅपमनच्या तत्त्वात बसत नाही. वजनाबद्दल ते बरोबर आहेत, त्यावर पुढे येतेच. पण चिखलाबद्दल नाहीत.

तर, गणिताच्या पेपरात अडकल्यामुळे पदवी लांबली, ती त्याने पुन्हा परीक्षा देऊन १९४९ मध्ये मिळवली. थोडा काळ हवाई दल, मग ॲल्युमिनियमच्या कंपनीत नोकरी. रात्री गाड्या. १९५२ मध्ये हेझलने दिलेल्या २५ पौंडांवर लोटस इंजिनिअरिंग सुरू झाली, वडिलांच्या त्या पबमागच्या तबेल्यात. दोन वर्षांनी त्यांनी लग्न केलं. गाड्या सुट्या भागांत विकायच्या, गिऱ्हाइकाने घरी जोडायच्या, कारण तशा विकल्या की त्यावरचा मोठा कर लागायचा नाही. १९५७ ची लोटस सेव्हन अशीच विकली गेली आणि त्याच धर्तीची गाडी दुसरी एक कंपनी अजून बनवते.

बॉडी कडक, स्प्रिंग मऊ

स्ट्रक्चरल इंजिनिअर गाडीकडे बघतो तेव्हा त्याला चार आधारांवर ठेवलेला पूल दिसतो. चॅपमनला तसंच दिसायचं. त्या काळच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांची चेसी इतकी लवचीक असायची की वळणावर ती स्वतःच पिळवटायची. मग कंपन्या काय करायच्या? स्प्रिंगा कडक. त्यामुळे चालवणाऱ्याचे दात वाजायचे आणि गाडी तरी कुठे धड ताब्यात यायची? चॅपमनने उलटं धरलं. आधी सांगाडा पिळवटणार नाही इतका ताठ करायचा. मग स्प्रिंग मऊ ठेवायची, तिला वर-खाली जायला भरपूर जागा द्यायची आणि ताबा डॅम्परवर आणि जोडदांड्यांच्या भूमितीवर सोपवायचा. चाक रस्त्याचा प्रत्येक उंचवटा चाटत गेलं पाहिजे आणि वरची गाडी शांत राहिली पाहिजे.

याचा सगळ्यात सुंदर नमुना म्हणजे १९६२ ची लोटस एलान. तिचं डिझाइन रॉन हिकमनने सांभाळलं (हाच माणूस पुढे सुतारांच्या घडीच्या वर्कमेट बाकामुळे श्रीमंत झाला, हे जाता जाता). मधोमध पोलादी कणा, त्यावर फायबर ग्लासची बॉडी, वजन सातशे किलोच्या आसपास. आजच्या छोट्या हॅचबॅकपेक्षाही हलकी. स्पोर्ट्स कार असूनही तिच्या स्प्रिंगा मऊ होत्या आणि तरी वळणावर तिला गाठणं मुश्कील. आजही गाड्यांचे इंजिनिअर चांगल्या हाताळणीचं उदाहरण द्यायचं म्हटलं की एलानकडे बोट दाखवतात.

हे वाचलं आणि दादाचं गणित माझ्यापुरतं तिथेच मोडलं. स्पोर्टी म्हणजे कडक, हे समीकरण ज्याच्या नावावर खपवलं जातं, त्या माणसानेच ते मानलं नव्हतं.

त्याची दुसरी सवय म्हणजे एका भागाकडून दोन कामं करून घ्यायची. तुमच्या घरच्या गाडीच्या माहितीपत्रकात पुढच्या चाकांसमोर मॅकफर्सन स्ट्रट असं लिहिलेलं असतं बघा. स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच उभ्या दांड्यात बसवायची ही युक्ती अमेरिकन इंजिनिअर अर्ल मॅकफर्सनची. चॅपमनने १९५७ मध्ये तीच कल्पना मागच्या चाकांना लावली आणि वर आणखी एक भाग वाचवला: इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणारा शाफ्टच चाकाला जागेवर धरणारा दांडा म्हणूनही वापरला. त्याला चॅपमन स्ट्रट म्हणतात. फॉर्म्युला वनमध्येही तेच डोकं. १९६२ च्या लोटस २५ मध्ये सांगाडा आणि बॉडी वेगळी ठेवलीच नाही, विमानासारखं सगळं एकच कवच. १९६७ च्या लोटस ४९ मध्ये इंजिनच सांगाड्याचा भाग, मागची चाकं थेट इंजिन-गिअरबॉक्सला टांगलेली.

हलकेपणाचा सस्पेन्शनशी संबंध काय, असं वाटेल. सरळ आहे. सातशे किलोची बुटकी गाडी मऊ स्प्रिंगवरही फार कलत नाही. दोन टनांची उंच गाडी त्याच मऊपणावर होडीसारखी डुलेल. म्हणून स्पोर्टी एसयूव्ही हा मुळातच अवघड प्रकार आहे. वजन जास्त, उंची जास्त आणि वर वळणावर चिकटून चालायची अपेक्षा. चॅपमनचा स्वस्त उपाय, म्हणजे वजनच काढून टाका, इथे चालत नाही. त्यामुळे पैसे मोजून इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं लागतं.

हलकेपणाची किंमत

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजू न लिहिणं बरोबर होणार नाही. चॅपमनच्या संघाने त्याच्या हयातीत फॉर्म्युला वनची सात कन्स्ट्रक्टर विजेतेपदं आणि त्याच्या गाडीत बसून ड्रायव्हरांनी सहा वैयक्तिक विजेतेपदं मिळवली. पण लोटस म्हणजे वेगवान आणि नाजूक, ही ख्याती ड्रायव्हरांमध्येही होती. १९६० मध्ये बेल्जियमच्या स्पा ट्रॅकवर सरावात स्टर्लिंग मॉसच्या लोटसचं चाकच निखळलं आणि तो जबर जखमी झाला. त्याच दिवशी माइक टेलरच्या लोटसचं स्टिअरिंग तुटलं, त्याची कारकीर्द संपली. जिम क्लार्क, चॅपमनचा सगळ्यात लाडका ड्रायव्हर आणि मित्र, ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीत हॉकेनहाइमला लोटसमध्येच गेला. चॅपमन त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही, असं त्याला ओळखणारे सांगत. योखेन रिंटने गाडीच्या नाजूकपणाबद्दल त्याला लेखी कळवलं होतं. १९७० मध्ये इटलीतल्या मोंझाला सरावात त्याच्या लोटस ७२ चा पुढचा ब्रेक शाफ्ट तुटला आणि तो गेला. त्या वर्षीचं विजेतेपद त्याला मरणोत्तर मिळालं.

मी हे वाचताना मामांचा विचार करत होते, खरं सांगते. रस्त्यावरच्या गाडीत मला चॅपमनची अक्कल हवी, त्याची जोखीम नको.

पैशांच्या बाबतीतही माणूस स्वच्छ नव्हता. शेवटच्या वर्षांत डीलोरियन गाडीच्या इंजिनिअरिंगचं काम लोटसकडे आलं. त्या प्रकल्पात ब्रिटिश सरकारचा पैसा होता आणि त्यातले लाखो पौंड परदेशातल्या एका कंपनीमार्फत गायब झाले. चॅपमन तोवर वारला होता. त्याचा हिशेब बघणाऱ्या साथीदाराला १९९२ मध्ये तुरुंगवास झाला, आणि चॅपमन जिवंत असता तर त्याला निदान दहा वर्षं मिळाली असती, असं न्यायाधीशांनी सुनावलं.

दोन चेसींची गाडी

आमच्या चार पर्यायांच्या पानाचा खरा उगम मला चॅपमनच्या शेवटच्या पाच वर्षांत सापडला. हा भाग नीट वाचा, सगळ्यात भारी हाच आहे.

१९७७ आणि ७८ मध्ये लोटसने गाडीच्या पोटाचा आकार उलट्या पंखासारखा केला. विमानाचा पंख वर उचलतो, हा खाली ओढतो. गाडी रस्त्याला चिकटते आणि वळणावर प्रचंड वेगाने जाते. मारिओ आंद्रेत्ती १९७८ चा विजेता झाला. मग सगळ्यांनीच नक्कल केली. पण एक अडचण होती. ही ओढ टिकायला गाडीचं पोट रस्त्यापासून ठरावीक अंतरावरच राहायला हवं. गाडी जरा वर-खाली झाली की ओढ कमी-जास्त. उपाय? स्प्रिंगा कडक, आणखी कडक, इतक्या की शेवटी फक्त टायरचं रबर काय दबेल तेवढंच सस्पेन्शन उरलं. ड्रायव्हरांच्या पाठी, माना आणि डोळे पार हादरून निघायचे. समोरचं धड दिसत नाही, अशा तक्रारी होत्या.

म्हणजे हवेला कडक गाडी हवी, माणसाला मऊ. दादाला स्पोर्ट हवं, मामांना कम्फर्ट. तोच वाद.

चॅपमनचं उत्तर होतं लोटस ८८, साल १९८१. एका गाडीत दोन चेसी! बाहेरची चेसी म्हणजे बॉडी आणि पंख. ती अतिशय कडक स्प्रिंगांवर, हवेचा सगळा दाब थेट चाकांवर देणारी. आतली चेसी म्हणजे ड्रायव्हर, इंजिन, टाकी. ती वेगळ्या, मऊ स्प्रिंगांवर. हवा आपलं काम करील, माणूस आपलं. एकाला दुसऱ्याचा त्रास नाही. प्रतिस्पर्धी संघांनी लगेच आक्षेप घेतला. अमेरिकेत लाँग बीचला सरावातच गाडीला काळा झेंडा दाखवला, ब्राझील आणि अर्जेंटिनात नाकारली, इंग्लंडमध्ये तिथल्या संस्थेने मान्य केली तर वरच्या संस्थेने पुन्हा अडवली. लोटस ८८ एकही शर्यत धावली नाही. चॅपमन इतका चिडला की अर्जेंटिनातून अर्ध्यावर निघून आला.

मला विचाराल तर नियमांच्या शब्दांत बंदी बसत असेलही, पण अक्कल त्याच्या बाजूने होती.

दोन चेसी चालत नाहीत म्हटल्यावर उरला तिसरा मार्ग. एकच सस्पेन्शन, पण क्षणाक्षणाला बदलणारं. लोटसमध्ये पीटर राइट आणि त्याचे सहकारी यावर काम करत होते. चाकापाशी आणि बॉडीवर सेन्सर, मध्ये कॉम्प्युटर आणि स्प्रिंगच्या जागी तेलाच्या दाबावर चालणारे सिलिंडर. खड्डा आला की सिलिंडर चाक वर ओढून घेणार, वळण आलं की बाहेरची बाजू उचलून धरणार. आधी एका एस्प्रिट गाडीवर प्रयोग झाला. तुमच्या खिशातल्या फोनमध्ये हालचाल मोजणारा ॲक्सिलेरोमीटर आज फुकटात येतो. त्या काळी हे सगळं गाडीत बसवणं म्हणजे वेडेपणाच होता.

१६ डिसेंबर १९८२ रोजी इंग्लंडमधल्या स्नेटरटन ट्रॅकवर लोटसने ॲक्टिव्ह सस्पेन्शनची पहिली फॉर्म्युला वन गाडी धावडवून बघितली. त्याच दिवशी हृदयविकाराच्या झटक्याने चॅपमन गेला. वय ५४.

१९८७ मध्ये आयर्टन सेनाने त्या तंत्राच्या लोटसवर मोनॅको आणि डेट्रॉइट जिंकलं. पुढे विल्यम्स संघाने १९९२ मध्ये त्याच कल्पनेवर सगळ्यांना धूळ चारली आणि १९९४ पासून फॉर्म्युला वनने ते बंद केलं. रस्त्यावर मात्र त्याची साधी भावंडं आली.

मग आम्ही काय निवडलं

साधी भावंडं म्हणते, कारण शोरूममध्ये इथेच घोळ होतो. दादाला विक्री करणाऱ्या माणसाने ॲडॅप्टिव्ह आणि ॲक्टिव्ह हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरून दाखवले. ते एक नाहीत. ॲक्टिव्ह चाकाला स्वतः ढकलतं आणि ओढतं. ॲडॅप्टिव्ह डॅम्पर ढकलत नाही; तो फक्त तेलाची वाट कमी-जास्त मोकळी करून आपला कडकपणा काही मिलिसेकंदांत बदलतो. फोनचा स्क्रीन वाचताना कमी रिफ्रेश रेटवर आणि गेममध्ये १२० हर्ट्झवर जातो ना, तसं समजा. स्प्रिंग तीच राहते. पण मऊ स्प्रिंग आणि हुशार डॅम्पर ही तर एलानचीच जोडी झाली, वर कॉम्प्युटरची मदत. आपल्याकडच्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ महिंद्रा एक्सयूव्ही ७०० मध्ये, याहून साधा प्रकार येतो: झटक्याच्या वेगानुसार आतल्या झडपेनेच कडकपणा बदलणारा डॅम्पर, कॉम्प्युटरशिवाय. स्वस्तातला आणि बऱ्यापैकी कामाचा.

एअर सस्पेन्शनमध्ये धातूच्या स्प्रिंगच्या जागी हवेची पिशवी असते. त्याचा खरा फायदा लोक सांगतात तो नाही. मऊपणा तर आहेच, पण मोठी गोष्ट म्हणजे उंची. गाडीत एकटा माणूस असो की पाच जण आणि डिकीभर सामान, गाडी तेवढीच उंच राहते. चढता-उतरताना खाली बसते, खराब वाटेवर वर उठते. मामांसाठी हे मोहाचं होतं, मी कबूल करते. पण पिशव्या, कॉम्प्रेसर, झडपा, नळ्या एवढं सगळं आठ-दहा वर्षांनी झिजणार, आणि दादा गाड्या विकत नाही, मरेपर्यंत वापरतो. वॉरंटी संपल्यावर एक कोपरा बसला की बिल बघून दादाही बसेल. तुमची गाडी कायम भरलेली जात असेल किंवा तीन वर्षांत बदलायची असेल तर माझं उत्तर वेगळं असतं.

चाकांवर मात्र मी हट्टच धरला. चाक, टायर, ब्रेक हे वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्याला सांभाळायला कुणी नाही. ते जितकं जड, तितकं डॅम्परचं काम कठीण. शिवाय २१ इंची चाकावर टायरची भिंत इतकी पातळ की खड्ड्याच्या कडेला टायरही फुटतो आणि रिमही वाकते. १९ इंचीवर जास्त रबर, जास्त हवा. ती सगळ्यात स्वस्त एअर सस्पेन्शन आहे म्हणा ना.

बुधवारी आम्ही मामांना घेऊन शोरूमला गेलो. एकाच मॉडेलच्या दोन डेमो गाड्या मागितल्या, एक स्पोर्ट पॅकेजवाली, एक ॲडॅप्टिव्ह डॅम्पर आणि छोट्या चाकांची. त्यांना शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर फिरवायचं होतं. मी त्यांना आमच्या सोसायटीकडे जाणाऱ्या रस्त्यावर नेलं, जिथे पाइपलाइनचं काम झाल्यापासून डांबर परत आलेलं नाही. मामांना मागे बसवलं, कारण ते नेहमी मागेच बसतात. तुम्हीही टेस्ट ड्राइव्हला गेलात तर एक चक्कर मागच्या सीटवर बसून करा. पुढे बसून सस्पेन्शन कळत नाही.

पहिल्या गाडीत मामांनी वरची कडी धरून ठेवली होती. दुसऱ्या गाडीत स्पीडब्रेकर गेल्यावर त्यांनी फोनवर व्हॉट्सॲप उघडलं आणि कुणाचा तरी गुड मॉर्निंगचा फोटो पुढे पाठवत बसले. दादाने आरशात ते बघितलं. परत येताना त्याने गाडी स्पोर्ट मोडवर टाकून उड्डाणपुलाच्या वळणावरून जरा जोरात घेतली. डॅम्पर आवळले, गाडी सपाट वळली, आणि तो काहीच बोलला नाही.

गुरुवारी रात्री ऑर्डर लॉक झाली. स्टीलची स्प्रिंग, ॲडॅप्टिव्ह डॅम्पर, चाकं १९ इंची, उंची कंपनीची नेहमीची. गाडी यायला अजून दोन महिने आहेत. दादा अधूनमधून २१ इंची रिमचे फोटो बघत असतो, मला माहीत आहे, कारण लिंक तो मलाच पाठवतो. मी त्या उघडत नाही.